दोनशे संत्री

बोनेसच्या काठावरून समोरचं ॲनन दिसतं,
उघडीप असली तर तिथल्या दोरीवरच्या चादरीसुद्धा मोजता येतात,
पण गाडीनं जायचं तर कार्लाइलला वळसा, ग्रेटनाला वळसा,
तासभर मोडतो.
मधे एक पूल होता, आगगाडीचा.
त्याचे दोन्हीकडचे भराव तेवढे उरलेत
एकमेकांकडे तोंड करून,
बोलणं तुटलेल्या जावांसारखे.

मी महिन्यातून दोनदा या खाडीचं पाणी भरते.
बाटलीचा नंबर, वेळ, तापमान, वारा.
इंग्लंडला हिरवं झाकण, स्कॉटलंडला पिवळं.
आत पाणी तेच,
दूध कमी पडलेल्या चहासारखं.
दोन प्रयोगशाळा, दोन तक्ते,
एका रोग्याला दोन डॉक्टर
आणि दोघंही दुसऱ्याची चिठ्ठी न वाचणारे.

गेल्या हिवाळ्यात चिखलात पांढरे दाणे दिसू लागले.
खरं सांगते, मला साबुदाणाच वाटला.
ओंजळीत घेतला.
इतके दिवस पाण्यात होता
आणि भिजला नव्हता.

सभा झाली. इकडचे म्हणाले, तिकडून येतात.
तिकडचे म्हणाले, इकडून.
आमच्याकडे बांध कोरला म्हणून अशीच भांडणं होतात,
फरक एवढाच की तिथं बांध असतो.
या चिखलाचा सातबारा काढायचा तरी कुठल्या चावडीवर?

मागच्या बाकावर आयझॅक टिफिन होता,
(आडनाव खरंच टिफिन, मी दोनदा विचारलं)
छातीभर पाण्यात उभा राहून
खांद्यावरच्या चौकटीच्या जाळ्यात रावस धरणारा.
म्हणाला, संत्री सोडा.
तरंगतात, दिसतात,
आणि नाही सापडली तरी कुणाचं पोट दुखत नाही.

पलीकडच्या शाळेत एफी इर्व्हिंग शिकवते.
ती फोनवर हसली आणि हो म्हणाली.
शंभर इकडच्या मुलांची, काळ्या शाईचे आकडे,
शंभर तिकडच्या, लाल.
समुद्राला नारळ देणाऱ्यांतली मी,
इथं टोपलीभर संत्री घेऊन उभी,
बोटं गारठलेली, नाकातून पाणी.
अमावस्येचं उधाण होतं.
इथली भरती दार वाजवत नाही,
चपला काढायच्या आत माजघरात असते.

नऊ दिवस मोजत होतो.
एक्केचाळीस लाल बोनेसला लागली,
सदतीस काळी ॲननला.
बावीस जिथून सोडली तिथंच परत,
जणू काही विसरलं म्हणून आलेली.
एक हंसांच्या कुरणात, अर्धं टोचलेलं.
एक थेट आइल ऑफ मॅनला,
एका बाईनं खिडकीत ठेवून फोटो पाठवला.
उरलेली तूट म्हणून लिहिली.

आठव्या दिवशी एफीचा फोन:
‘आयझॅक, तुझं सत्तावीस नंबरचं माझ्या दारात आलंय.’
‘तुझं बारा नंबरचं मी खाल्लं.’
‘कसं होतं?’
‘आंबट. तुमच्याच बाजूचं.’

पुढच्या सभेत ‘इकडून’ आणि ‘तिकडून’
हे दोन शब्द कुणी उच्चारले नाहीत.
कुणी ठरवलं नव्हतं, जीभच अडखळत होती.
एक तक्ता झाला, एक प्रयोगशाळा,
नदीच्या वरच्या अंगाचे कारखाने
दोघांनी मिळून तपासायचे ठरलं,
तारीख दोनदा पुढे गेली, मग एकदाची लागली.

दाणे अजून येतात.
कुणाच्या गोणीतून सांडतात, अजून कळलेलं नाही.
मी चाळणी घेऊन जाते, वेचते, तोलते.
सोमवारी बावीस ग्रॅम. परवा एकोणीस.
एकोणीस म्हणजे कमी झाले असं
अजून मी कुणाला म्हणत नाही.

बाटल्यांची झाकणं आता एकाच रंगाची.
ठरावात तसं काही नव्हतं,
हिरवी संपली होती.

अजूनही वळसा घालूनच जावं लागतं.
मागच्या सीटवर बर्फाची पेटी,
ग्रेटनाच्या वळणावर आतल्या बाटल्या
एकमेकींवर आपटतात.
मी वेग थोडा कमी करते.